प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी

विद्यापीठाकडून येत्या महिन्यातील व्याख्यानांचे पत्रक आले, की आमच्या महाविद्यालयात पहिला प्रश्न ‘वक्ते कोण?’ हा कधीच नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘हॉल भरायचा कसा?’ गेली काही वर्षे त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे माझे काम होते. मी भोरला इतिहास शिकवतो, आणि अगदी अलीकडेपर्यंत या कार्यक्रमांचा समन्वयकही होतो. माझा स्वभाव मऊ असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले, असे आमचे प्राचार्य चारचौघांत कौतुकाने सांगत. “सर कधी कोणाला दुखावत नाहीत.” या वाक्याचा मला बरेच दिवस अभिमान वाटत आला. आता ते आठवले तरी कानशिले तापतात.

हॉल भरण्याची आमची पद्धत अशी आहे. व्याख्यानाच्या दिवशी दुपारचे तास रद्द होतात आणि सगळ्या वर्गांची हजेरी हॉलमध्ये घेतली जाते. जो येईल त्याला अंतर्गत मूल्यमापनात सहभागाचे गुण. जो येणार नाही त्याचे ते गुण कापले जातात. तरीही मुले हजेरी देऊन पसार होतात, म्हणून हॉलच्या दाराला बाहेरून कडी लावतात आणि शिपाई तेथे स्टुलावर बसतो. कार्यक्रमाचे दोन फोटो काढावे लागतात, एक दीपप्रज्वलनाचा आणि एक समारोपाचा. दोन्हींवर ठिकाण आणि वेळ उमटलेली असावी लागते, आणि दोन्हींत खुर्च्या भरलेल्या दिसाव्या लागतात, कारण मूल्यांकन समिती आली की हेच फोटो तिच्यापुढे मांडायचे असतात. समारोपाचा फोटो निघाला की कडी निघते. तरण्याताठ्या मुलामुलींना कोंडून त्यांना ज्ञान ऐकवण्याच्या या पद्धतीत आमच्यापैकी कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मलाही वाटत नव्हते.

वक्ते बहुधा पुण्याहून येतात. सकाळी लवकर निघणे त्यांच्या सोयीचे नसते, म्हणून व्याख्यान दुपारी ठेवतात. आमची निम्मी मुले बाहेरगावची. कामथडी, नसरापूर या बाजूच्यांना हमरस्त्यावर काही ना काही वाहन मिळते. वेल्ह्याच्या बाजूच्यांना दुपारची एसटी चुकली की काहीच मिळत नाही. वक्त्यांना तिखट चालते की नाही, याची आम्ही फोन करून चौकशी करतो. एसटी कधी सुटते हे मात्र आमच्या कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेने आजवर विचारात घेतलेले नाही.

आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात राजगडाच्या पायथ्याच्या पालीची एक मुलगी आहे. तिचे वडील शेती करतात आणि सुट्टीच्या दिवशी गडावर येणाऱ्यांना घरी जेवू घालतात. हिवाळ्यातल्या त्या व्याख्यानाच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“सर, उद्या हजेरी झाली की मला सोडाल का? एस्टी चुकती.”

“व्याख्यान वेळेवर संपेल,” मी म्हणालो.

“मागच्या खेपंला पण तुमी हेच म्हणला व्हता, सर.”

“मागच्या खेपेस पाहुणे उशिरा आले.”

“पाव्हणे येळंवर कधी आलेत, सर?” ती हसली, आणि मग तिचे हसू मावळले. “बाबांनी बजावलंय. आनखी एकदा अंधार झाला तर कॉलेज बंद. फाट्यावर उतरून आत चालत जायचं, रस्त्याला एक दिवा न्हाई. परवा बिबट्यानं कुत्रं नेलं. शेवटचं वर्ष हाय सर, एवढं पार पडू द्या.”

तिच्या वडिलांची अट जाचक नव्हती. माझी मुलगी त्या रस्त्याने जात असती तर मी याहून कडक अट घातली असती. तिला सोडायला माझ्या एका शब्दाची गरज होती. पण एकीला सोडले की दुसरी विचारील, मग खुर्च्या रिकाम्या दिसतील, मग प्राचार्य मला बोलावतील, अशी सगळी साखळी क्षणात माझ्या डोक्यात उलगडली आणि मी म्हणालो, “मी पाहतो.” शिक्षकी पेशात ‘मी पाहतो’ याचा अर्थ ‘मी काही करणार नाही’ असा असतो. तिने मात्र तो शब्द म्हणून घेतला आणि समाधानाने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला, हजेरी झाली, कडी लागली, आणि पाहुण्यांचा फोन आला की ते खेड शिवापूरला जेवायला थांबले आहेत. जेवून ते आले तेव्हा पोरे खुर्च्यांवर पेंगत होती. मग प्राचार्यांच्या दालनात चहा. मग दीपप्रज्वलन आणि पहिला फोटो. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पाहुण्यांबरोबर गाडीत सहज गप्पा मारत आलेला त्यांचा एक मित्र होता. त्याचाही सत्कार झाला. तो बिचारा “अहो, माझा काय संबंध?” म्हणत हात आखडून घेत होता, तर त्याच्या खांद्यावर शाल ओढून बसवण्यात आली. पुढे पाहुण्यांचा परिचय करून देण्याचे काम माझे. परिचय त्यांनीच लिहून पाठवलेला, ऐसपैस. मी तो दोन वाक्यांत आटपू शकलो असतो. भिंतीवरचे घड्याळ माझ्या समोर होते, आणि त्याच्याच खाली मागच्या रांगेत ती बसली होती. मी परिचय पूर्ण वाचला. एकही समिती, एकही पुरस्कार गाळला नाही.

विषय होता ‘नव्या शैक्षणिक धोरणातील संधी’. वक्ते बोलणारे चांगले होते. त्यांचे हातवारे, विनोद, मध्येच आवाज खाली आणणे हे सारे बसवलेले होते. त्यांचा रंग चढत गेला आणि घड्याळाचा काटा सरकत गेला. एसटी सुटायला थोडाच अवकाश उरला तेव्हा ती मागे उभी राहिली. दार बंद, म्हणून जाणार कोठे? तिने हात वर केला.

वक्त्यांचा चेहरा उजळला. “बघा, प्रश्न आला! हे खरं जिवंतपणाचं लक्षण. विचार बेटा, संकोच करू नकोस. नाव सांग आणि प्रश्न विचार.”

फोटो काढणारे आमचे सहकारी तत्परतेने पुढे सरसावले.

“सर,” ती म्हणाली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. “आमची एस्टी हाय.”

हॉलमध्ये खसखस पिकली. वक्ते माइक जवळ घेऊन म्हणाले, “बेटा, एसटी गेली तर दुसरी येते. संधी गेली की येत नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्यांनीच तो सुरू केला. आणि व्यासपीठावर डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला मी हसलो. मला ते वाक्य विनोदी वाटले नव्हते. व्यासपीठावर बसून बसून चेहऱ्याला एक वळण लागलेले असते. पाहुणे हसले की तो आपोआप हसतो. ती माझ्याकडेच पाहत होती, म्हणून तिला ते दिसले. ती खाली बसली.

दुसरी एसटी येत नाही. ही गोष्ट त्या हॉलमधल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होती, मला ठाऊक होती, आणि तरी आम्ही सगळ्यांनी त्या माणसाला ते सरळसरळ खोटे वाक्य टाळ्यांसह बहाल केले. या गोष्टीचा राग मी पुष्कळ दिवस त्या वक्त्यांवर काढण्याचा प्रयत्न केला. तो त्यांच्यापाशी टिकत नाही. त्यांना येथली एसटी ठाऊक नव्हती.

समारोपाचा फोटो निघाला तेव्हा गाडी कधीच गेली होती. मी तिला आणि मार्गासनीच्या दोन मुलींना माझ्या गाडीत बसवून निघालो. कापूरव्होळ गेले, चेलाडी गेले. मार्गासनीला त्या दोघी उतरल्या. एकीचा चुलता दुचाकी घेऊन उभा होता. पुढे आम्ही दोघेच राहिलो. मी म्हणालो, “वडिलांशी मी बोलतो.” ती काचेबाहेर पाहत म्हणाली, “बोला की.”

तिचे वडील बॅटरी घेऊन फाट्यावर येऊन थांबले होते. ते आम्हाला घरी घेऊन गेले. ओट्यावर बसल्यावर त्यांनी मुलीचा चेहरा नीट पाहिला.

“येळ झाला म्हून काय ती रडत न्हाई. काय झालं गं?”

“सगळी हसली मला,” ती म्हणाली. “एस्टी हाय म्हणलं तर.”

“सर बी?”

ती गप्प राहिली. तिने माझी लाज राखायची म्हणून मौन धरले होते, आणि ते मला सहन झाले नाही.

“हो,” मी म्हणालो. “मीही हसलो.”

“का वो?”

इतका साधा प्रश्न मला कोणत्याही चर्चासत्रात कोणी विचारलेला नाही. “पाहुणे हसले म्हणून,” मी म्हणालो.

“म्हंजी पाव्हण्यानं बैलाला म्हस म्हणलं तर म्हस!” ते उठून दाराशी गेले आणि आत वळून म्हणाले, “च्या टाका गं सरांस्नी.” पुन्हा माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, म्हणाले, “तुमी लई ग्वाड बोलता सर. मागल्या वर्षी फोन केला तवा बी ग्वाड बोलला. म्या म्हणलं, सर हायत म्हणल्यावर काळजी न्हाई. तुमच्या ग्वाड बोलण्यापायी पोरगी अंधारात आली. उंद्यापास्नं ती येनार न्हाई.”

“परीक्षा तोंडावर आहे हो.”

“म्या म्हणलं ना, न्हाई.”

तरी चहा आला, आणि त्यांच्या ओट्यावर बसून मी तो प्यालो. त्या घरात पाहुण्याला चहावाचून पाठवत नाहीत म्हणून तो मला मिळाला.

ती येईनाशी झाली. मी प्राचार्यांना सगळे सांगितले. ते वाईट गृहस्थ नाहीत. समिती आली की त्यांना झोप लागत नाही. श्रेणी घसरली तर अनुदान आटेल, तुकड्या बंद पडतील, अशी त्यांची भीती आहे आणि ती अगदीच काल्पनिक नाही. पण त्या दिवशी ते म्हणाले, “मुलींच्या बाबतीत असं होतंच. तुम्ही फार मनाला लावून घेता. त्यापेक्षा पुढच्या व्याख्यानाचं बघा, पत्रक आलंय.” मी “बरं” म्हणून बाहेर आलो. बाहेर आल्यावर मला संताप आला. माझा संताप नेहमी असा दालनाच्या बाहेर आल्यावर येतो. आत असताना तो कोठे असतो, याचा मी बऱ्याचदा विचार केला आहे. मला वाटते, तोही बाहेर स्टुलावर बसून राहतो.

पुढच्या व्याख्यानाच्या फ्लेक्सचे चित्र मला मोबाईलवर आले, तेव्हा मी घरी जेवत होतो. तारीख आणि वक्त्यांची पदवी तेवढी तपासली आणि अंगठ्याचे चिन्ह पाठवून दिले. चित्र मोठे करून पाहिले नाही.

दोन दिवसांनी तिचे वडील महाविद्यालयात आले. औषधे आणायला ते भोरला आले होते आणि एसटी स्टँडसमोरच्या चौकातून सरळ आमच्याकडे आले. मी त्या वेळी प्राचार्यांच्या दालनातच होतो. चप्पल दाराबाहेर काढून ते आत आले आणि उभेच राहिले.

“माज्या पोरीचा फोटू तुमी चौकात लावलाय.”

प्राचार्यांना ओळख पटायला थोडा वेळ लागला, आणि पटल्यावर ते खुर्चीतून अर्धवट उठले. “या, या, बसा! अहो, अभिमानाची गोष्ट आहे. एवढ्या मुलींतून तिचाच फोटो निवडला आम्ही. प्रश्न विचारायला धाडस लागतं.”

मला काही उमजेना. प्राचार्यांनी स्वतःच मोबाईल काढून चित्र दाखवले. वर विद्यापीठाचे नाव, मध्ये येत्या व्याख्यानाचा विषय, आणि उजवीकडे ती: मागच्या रांगेत उभी, हात वर, तोंड किंचित उघडे. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी’. त्याखाली जिज्ञासेचे महत्त्व सांगणारी एक ओळ होती. याच चित्राला मी अंगठ्याचे चिन्ह पाठवले होते.

“तिला कालेजात धाडायचं म्या बंद केलं,” वडील म्हणाले, “आन् तुमी तिला चौकात हुबी केली. स्टँडवर जो तो मला म्हनतोय, पोरगी लई मोठी झाली! काय सांगू त्यास्नी? घरी शेण काढती म्हनून?”

“गैरसमज होतोय तुमचा,” प्राचार्य म्हणाले. “हा सन्मान आहे. सर, तुम्ही सांगा ना यांना समजावून.”

‘सर, तुम्ही सांगा.’ कोणाला गप्प करायचे असले की हे वाक्य माझ्याकडे येते. मी तोंड उघडले, आणि जो आवाज आला तो मला माझा वाटला नाही.

“काय समजावू? ती प्रश्न विचारत नव्हती. दार उघडा म्हणत होती! आपण तिला कोंडलं होतं. कोंडलेल्या मुलीनं सुटण्यासाठी हात वर केला, आपण तिला हसलो, तिचं शिक्षण बंद पाडलं, आणि आता तोच हात जाहिरातीला लावून आणखी मुलांना कोंडायला बोलावतोय. लाज वाटली पाहिजे आपल्याला. मला वाटते. तुम्हालाही वाटू द्या!”

शेवटचे शब्द मी टेबलावर हात आपटून बोललो. पेनस्टँड कलंडला. बाहेरचे कारकून दारात गोळा झाले. प्राचार्य पांढरेफटक पडले होते, आणि मला ते पाहून, खरे सांगायचे तर, बरे वाटले. या बरे वाटण्याची मला नंतर खंत वाटली; इतक्या वर्षांचा साठा मी एका माणसावर रिकामा केला, आणि तो साठा काही त्या एकट्याने भरलेला नव्हता.

“तुम्ही बसा, पाणी घ्या,” प्राचार्य अखेर म्हणाले. “फ्लेक्स उतरवू.”

“मी उतरवतो,” मी म्हणालो. “आणि यापुढे दाराला कडी लागणार असेल, तर मी समन्वयक नाही.”

“मग दुसरे सर पाहतील,” ते म्हणाले. इतके सोपे होते ते. मी इतकी वर्षे ज्या खुर्चीसाठी मऊ राहिलो, ती एका वाक्यात दुसऱ्याची झाली.

चौकातल्या चहावाल्याकडून स्टूल मागून मी त्यावर चढलो. तारा कापता येईनात. तिच्या वडिलांनी खाली स्टूल धरले होते. “दमानं, सर. पडला तर त्ये बी आमच्याच पोरीवर यील,” ते म्हणाले. फ्लेक्स खाली आला तेव्हा त्यांनी तो जमिनीवर पसरून नीट गुंडाळला आणि काखेत मारला.

“न्हेतो. वैरणीवर टाकाया व्हईल. तिचं त्वांड आतल्या अंगाला करीन.”

“तिला पाठवा,” मी म्हणालो. “मी शब्द देत नाही. फक्त विनंती करतो.”

“आज मातूर ग्वाड न्हाई बोलला,” ते म्हणाले. “तिचं तिला इचारतो.”

ती सोमवारी आली. वर्गात पूर्वीच्याच जागी बसली आणि मधल्या दिवसांचे टिपण मैत्रिणीकडून उतरवून घेऊ लागली. त्याच आठवड्यात ते पुढचे व्याख्यान झाले. नव्या समन्वयकांनी सगळे जुन्याच पद्धतीने केले, कडीही लागली. पाहुणे उशिरा आले. मी इतका ओरडलो त्याचा परिणाम एवढाच झाला, की फ्लेक्सवर आता फक्त वक्त्यांचा फोटो असतो. ती व्याख्यानाला थांबली नाही. हजेरीच्या आधीच दप्तर उचलून स्टँडकडे गेली.

वर्गाचे अंतर्गत गुण भरणे माझ्याकडेच आहे. संगणकावर ते भरत होतो तेव्हा ती काही विचारायला आली आणि तिच्या नावापुढे मी सहभागाचे पूर्ण गुण टाकलेले तिने पाहिले.

“सर, हे चुकलं. मी नव्हते त्या दिवशी. माझे कापा.”

“चुकलेलं नाही. मी विचार करून दिलेत.”

“मग ज्या बसल्या व्हत्या त्यांचं काय? त्या बसल्याच की शेवटपर्यंत. मार्गासनीची ती तर रात्री भोरातच मैत्रिणीकडं राहिली.”

“तुझ्यावर अन्याय झालाय.”

“झालाय. म्हणून मी तिथं बसले न्हाई. त्याचे गुण जात्यात, ते मला ठाऊक व्हतं.” तिचा आवाज चढला नाही, पण त्यात राग स्पष्ट होता, आणि माझ्या रागासारखा तो दाराबाहेर थांबलेला नव्हता. “तुमाला बरं वाटावं म्हणून मला गुण नकोत, सर.”

मी तिच्या समोरच ते गुण कापले. तिने पडद्यावर वाकून आकडा नीट पाहिला, मान हलवली, आणि वर्गाकडे गेली.